किल्ली कोणाच्या खिशात? वस्तीत युवा मंडळ उभं करताना

मंडळाच्या खोलीची किल्ली सात वर्षं माझ्या खिशात होती. रोज संध्याकाळी साडेपाचला मी कुलूप उघडायचो, आठला लावायचो. पोरं यायची, कॅरम खेळायची, पुस्तकं चाळायची, मैदानावर पळायला जायची. मला वाटायचं, छान चाललंय. मग अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मी तीन आठवडे घरात पडून, आणि किल्ली गेली नववी नापास झालेल्या एका पोराकडे, कारण त्याचं घर खोलीला लागून होतं. पहिल्या आठवड्यात कॅरमचा स्ट्रायकर हरवला, पंखा रात्रभर सुरू राहिला, शेजारच्या आजी तक्रार घेऊन माझ्या घरी आल्या. तिसऱ्या आठवड्यात मी हळूहळू चालत तिथे पोचलो, तर दारावर वहीचं पान चिकटवलेलं. वर उघडण्या-बंद करण्याची वेळ आणि खाली एक ओळ: "पंखा बंद न करता जो जाईल, त्याने उद्या झाडू मारायचा."

हा नियम मी केला नव्हता. खरं म्हणजे सात वर्षांत मी त्यांना एकही नियम करू दिला नव्हता.

त्यानंतर मंडळ चालवायची माझी रीत बदलली. ती इथे क्रमाने मांडतो आहे. वस्तीतल्या चौदा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी काही सुरू करावं असं ज्यांच्या मनात आहे, किंवा ज्यांचं मंडळ आहे पण गणपती आणि जयंतीपुरतंच जागं होतं, त्यांच्यासाठी.

आधी शहरात काय आहे ते बघा

नागपूरकराला संघटना म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे 1925 साली विजयादशमीला स्थापन झाला. 14 ऑक्टोबर 1956 ला अशोक विजयादशमीच्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी इथेच धम्मदीक्षा घेतली. आजही दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी होते तेव्हा समता सैनिक दलाचे सैनिक रांगा सांभाळताना दिसतात आणि आसपासच्या रस्त्यांवर कितीतरी लहान मंडळं पाणी आणि जेवण वाटत उभी असतात. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या तुकडोजी महाराजांची गुरुदेव सेवा मंडळं विदर्भातल्या गावागावांत आहेत. प्रवाह वेगवेगळे, एकमेकांशी न पटणारेही. पण अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हाती काम दिलं की तो ते करतो, हा विश्वास सगळ्यांत सारखा.

म्हणून नवीन मंडळाचा बोर्ड रंगवण्याआधी चौकशी करा. तुमच्याकडची मुलं कॉलेजात असतील तर राष्ट्रीय सेवा योजना तिथे असण्याची शक्यता मोठी. ती 24 सप्टेंबर 1969 पासून सुरू आहे. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा. शाळेतल्या मुलांसाठी स्काउट-गाइड आहे. तिची एक गोष्ट मला फार आवडते: सहा-आठ जणांची पेट्रोल, म्हणजे तुकडी, असते आणि तिचा नायक त्यांच्यातलाच एक असतो. केंद्र सरकारचं 'माय भारत' हे व्यासपीठ 31 ऑक्टोबर 2023 पासून 15 ते 29 वयोगटासाठी आहे. तिथे नाव नोंदवून स्वयंसेवेच्या संधी शोधता येतात.

आणि नागपुरातलंच उदाहरण हवं असेल तर स्लम सॉकर आहे. विजय बारसे इथल्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि 2001 च्या सुमारास त्यातून वस्त्यांतल्या मुलांचा फुटबॉल उभा राहिला. सुरुवातीला इमारत नव्हती की निधी. एक चेंडू होता आणि रोज येणारा एक माणूस.

असं काही तुमच्या वस्तीपासून चालत पंधरा मिनिटांवर असेल, तर वेगळं मंडळ काढू नका. तिथे जा, मुलांना न्या, स्वतः मदत करा. आपल्याकडे एकाच चौकात तीन मंडळं आणि तिघांचे तीन अध्यक्ष, हा आजार जुना आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं बसा

फॉर्म वाटू नका. "तुमच्या समस्या कोणत्या?" असं छापून विचारलं की मुलं शाळेत देतात तशी उत्तरं देतात: व्यसन, बेरोजगारी, मोबाईल. त्यापेक्षा चौकात, पानठेल्यापाशी, तर्री-पोह्याच्या गाडीजवळ सकाळ-संध्याकाळ बसा. दुपारी कोण मोकळं असतं? कोण सामान पोचवण्याच्या कामावर आहे आणि रात्री अकराला परततो? दहावी सुटलेली मुलगी दिवसभर कुठे असते? पोलीस भरतीसाठी पहाटे कोण पळतं? हे पाहूनच कळतं.

मी बसलो तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, पोट्टे ज्याला "टाइमपास" म्हणतात तो त्यांचा सगळ्यात गंभीर वेळ असतो. कोणाला नोकरी लागली, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळं तिथेच कळतं. दुसरी, मुली चौकात नसतात. त्या नळावर, शिवणाच्या क्लासला, छतावर असतात. चौकात बसून तुम्हाला फक्त अर्धी वस्ती दिसते. उरलेल्या अर्ध्यासाठी एखादी ताई, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाच्या अध्यक्षबाई सोबत हव्यात, आणि पहिल्या दिवसापासून हव्यात.

वही ठेवा. पंधरा-वीस मुलांची नावं, ती कुठल्या वेळेला मोकळी असतात आणि त्यांना नेमकं काय हवंय त्यांच्याच शब्दांत. एकाने मला सांगितलं होतं, "भाऊ, मले घरी अभ्यासाले जागाच नाही." मंडळाची पहिली योजना त्या एका वाक्यातून निघाली.

दुसरी पायरी: एक काम, एक जागा, एक वेळ

सुरुवात एकाच गोष्टीने करा आणि तीन महिने दुसरं काही जोडू नका. रक्तदान, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती रॅली, वक्तृत्व स्पर्धा हे सगळं पहिल्या महिन्यात करणारी मंडळं मी पाहिली आहेत. चौथ्या महिन्यात तिथे फक्त फ्लेक्स उरतो.

आमच्या भागात दोन कामं टिकतात: अभ्यासिका आणि मैदान. अभ्यासिकेला फार काही लागत नाही. दहा खुर्च्या, एक लांब टेबल, दोन ट्यूबलाइट, मोबाईल चार्जिंगचा एक पॉइंट (एकच ठेवा, म्हणजे मोबाईल टेबलावर येत नाही) आणि शांतता. मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आपोआप येतात. त्यांना काय करायचं हे ठाऊक असतं: मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800 मीटर, 100 मीटरची धाव आणि गोळाफेक, मिळून पन्नास गुणांची शारीरिक चाचणी. त्यांना लागतो तो स्टॉपवॉच धरणारा माणूस, मोजलेला ट्रॅक आणि रोजची वेळ लिहून ठेवणारी वही. यासाठी कोच असायची गरज नाही. चुना आणि टेप असली की मोजणी करता येते.

जागेबद्दल तीन गोष्टी. मैदान महापालिकेचं आहे की नागपूर सुधार प्रन्यासचं, हे आधी विचारून घ्या. दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातात. समाजभवन मिळालं तर उत्तम, पण लग्नसराईत ते तुमचं नसतं हे गृहीत धरा. आणि मंदिराचा किंवा विहाराचा हॉल मिळत असेल तर घेण्याआधी विचार करा की तिथे कोण येणार नाही. हॉल देणाऱ्यांची नियत चांगली असते, पण उंबरठा कोणाला तरी अडवतोच. आम्ही शेवटी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली भाड्याने घेतली. तिचा कोणाला त्रास नव्हता.

नागपूरचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मार्चअखेरपासून मैदान पहाटे साडेपाचला सुरू करा आणि सातला बंद. पाण्याचा माठ, ओआरएसची पाकिटं आणि डोक्याला बांधायला दुपट्टा हे सक्तीचं. "काही होत नाही जी" म्हणणारा पहिला चक्कर येऊन पडतो.

तिसरी पायरी: जबाबदारी हाती द्या, आणि मग हात मागे घ्या

इथे थोडा वेळ थांबतो, कारण मंडळ जगतं ते इथे आणि मरतंही इथेच.

बहुतेक मोठी माणसं तरुणांना कामं देतात, जबाबदारी देत नाहीत. "खुर्च्या लाव", "बॅनर बांध", "पाहुण्यांना पाणी दे" ही कामं झाली. खुर्च्या किती लागतील, कुठून आणायच्या, भाडं किती ठरवायचं आणि पाऊस आला तर काय, हे सगळं त्यानेच ठरवायचं असेल तर ती जबाबदारी. तिचा अर्थ असा की चूक झाली तर ती त्याची, आणि तुम्ही ती आधी थांबवणार नाही.

आम्ही चार पायऱ्या ठेवल्या आहेत. पहिली, वस्तू: चेंडू, स्टॉपवॉच, कॅरम. महिनाभर ती एकाच्या ताब्यात. दुसरी, वही: रोजची हजेरी आणि पुस्तकांची देवाणघेवाण. तिसरी, किल्ली. चौथी, पैसे. कोण कुठल्या पायरीवर हे मी ठरवत नाही, पंधरवड्याच्या बैठकीत ठरतं. किल्ली महिन्याने दुसऱ्याकडे जाते. तिसऱ्या महिन्यात एका मुलाकडून खोली उघडायची राहिली आणि सहा जण पावसात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तो पंधरा मिनिटं आधी आला. मी काही बोललो नव्हतो. पावसात भिजलेल्या सहा जणांनी मात्र बरंच ऐकवलं असणार.

पैशाची पायरी सगळ्यात अवघड. दर महिन्याला प्रत्येकी वीस रुपये वर्गणी, त्यातून चहा, चुना, ट्यूबलाइट. खजिनदार सतरा वर्षांचा होता. एका शनिवारी मोजणीत 340 रुपये कमी आले. माझा हात खिशाकडे गेला होता, भरून टाकावं आणि विषय मिटवावा म्हणून. तसं केलं असतं तर त्या दिवशी मंडळ संपलं असतं. बैठकीत त्याने सांगितलं की घरी गॅस संपला होता, त्याने उचलले, परत ठेवणार होता. पोरं बराच वेळ गप्प होती. मग एकाने विचारलं, "सांगितलं काऊन नाही बे?" शेवटी ठरलं: दर आठवड्याला वीस रुपये परत, खजिनदार तोच राहील, पण यापुढे पेटीवर दुसऱ्याचीही सही. सतरा आठवडे तो वीस-वीस रुपये आणत राहिला. शेवटच्या शनिवारी एकाने चहा मागवला, कोणाच्या पैशाने ते मी विचारलं नाही.

यातून आम्ही काही नियम पक्के केले. पेटीत 500 रुपयांपेक्षा जास्त रोकड नाही. दर शनिवारी सगळ्यांसमोर दोघांनी मोठ्याने मोजायचं. बिल नसेल तर वहीत "बिल नाही" असं लिहायचं, खोटं बिल आणायचं नाही. आणि घरची अडचण असेल तर मंडळातून उसने मागता येतात, बैठकीत विचारून. शेवटचा नियम पोरांनीच सुचवला. मला सुचला नसता.

बैठक कशी घ्यावी? पंधरा दिवसांनी एकदा, चाळीस मिनिटं, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. अध्यक्ष दर वेळी वेगळा. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं. हा नियम अवश्य ठेवा, कारण मोठा आधी बोलला की धाकटे फक्त "हाव" म्हणतात. प्रत्येक निर्णयाखाली तीन गोष्टी लिहायच्या: कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत. मी एका कोपऱ्यात बसतो आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही. पहिल्या वर्षी हे मला जमत नव्हतं, म्हणून मी वाटाणे सोलत बसायचो. हाताला काम असलं की तोंड बंद राहतं.

मोठ्या जबाबदारीचा पहिला प्रयोग म्हणून मी तान्ह्या पोळ्याचा बडग्या सुचवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे रोगराई-पीडेच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, सोबत वस्त्या-वस्त्यांचे बडगे, आणि "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा पुकारा. बडग्या म्हणजे त्या वर्षी आपल्याला नको असलेल्या गोष्टीचा पुतळा. तेव्हा आधी ठरवावं लागतं की आपल्याला नको काय आहे. आमच्याकडे तीन संध्याकाळी वाद चालला: रस्त्यावरचे खड्डे की ऑनलाइन जुगार. जुगार जिंकला, कारण एका मुलाने सांगितलं की त्याच्या भावाने गाडी गहाण टाकली आहे. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मग बांबू, तणस, जुन्या गोण्या, रंग, घोषणा, मार्ग, गर्दीत लहान मुलांना धरून कोण चालणार, खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. अंदाज 1,800 होता, खर्च 2,350 झाला. फरक का पडला यावर पुढच्या बैठकीत अर्धा तास गेला. कोणत्या कार्यशाळेत हे इतकं नीट शिकता आलं असतं मला माहीत नाही.

याच धर्तीवर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची सहल करा. नागपूरहून वर्धा रेल्वेने साधारण 75 किलोमीटर. गाडीच्या वेळा, तिकिटं, डबे, घरच्यांची परवानगी आणि परतायला उशीर झाला तर काय, हे सगळं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी बघायचं. तुम्ही फक्त सोबत जायचं. गाडी चुकली तर चुकू द्या, पुढची असते.

चौथी पायरी: मुलींसाठी वेगळा विचार

"आमच्याकडे मुलींनाही मुभा आहे" असं म्हणणाऱ्या मंडळांत मुली नसतात. मुभा असून उपयोग होत नाही, सोय लागते. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मुलांना सोयीची आणि घरच्यांच्या दृष्टीने मुलींना गैरसोयीची. आम्ही चार ते सहा ठेवलं. खोलीत स्वच्छतागृह नव्हतं. शेजारच्या घरी व्यवस्था केली, पण वर्षभर त्याचा विचार कोणी केला नव्हता याची मला लाज वाटली. स्वच्छतागृह नसेल तर मुलींची तुकडी सुरू करू नका, आधी ते करा.

आयांची बैठक पहिल्याच आठवड्यात घ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे दुपारी तीनला, संध्याकाळी नव्हे. तिथे एक महिला कार्यकर्ता हवीच. घरी पोचवायचं ठरलं असेल तर दोघी-तिघी मिळून जाण्याची पद्धत ठेवा, एका मुलाने एका मुलीला सोडायचं असं नको. आणि जबाबदाऱ्यांच्या पायऱ्या मुलींनाही तशाच. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत वही कायम मुलीकडे आणि किल्ली कायम मुलाकडे असायची. अक्षर चांगलं म्हणून! एका मुलीनेच बैठकीत विचारलं, "आमचं अक्षर खराब झालं तर किल्ली भेटल का?" त्या महिन्यापासून बदललं.

पाचवी पायरी: सुरक्षितता, गप्पा न मारता

यावर फार लिहीत नाही, पण यातलं काही गाळू नका.

अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीची पालकांच्या सहीची परवानगी आणि दोन फोन नंबर. कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही, मग तो मी असलो तरी. बाहेरून शिकवायला येणाऱ्याची ओळख तपासा आणि पहिले काही दिवस त्याच्यासोबत कोणी तरी बसा. मुलांचे फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

पॉक्सो कायदा 2012 चा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "आपण आपसात मिटवू" हे वाक्य कोणी उच्चारलं तर मान्य करू नका. चाइल्डलाइन 1098, आपत्कालीन 112 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 हे तिन्ही नंबर दारावर लावा, मुलांना दिसेल इतके मोठे.

आणि वस्तीची आपत्कालीन यादी तयार ठेवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि आसपासचे भाग पाण्याखाली गेले. अशा वेळी कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाकडे दोर आहे, कोणाला पोहता येतं, हे माहीत असलेली दहा मुलं असली की काम किती सोपं होतं याचा विचार करा. ही यादी मुलांनीच दारोदार जाऊन करायची.

सहावी पायरी: नोंदणी आणि पैसा

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा. कागद झाला की पदं येतात, पदं आली की रुसवेफुगवे. वर्षभर टिकलात तर मग करा.

महाराष्ट्रात सर्वसाधारण मार्ग असा: किमान सात सदस्य घेऊन सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट 1860 खाली संस्था, आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंद. दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडेच होतं. घटना आणि नियमावली वकिलाकडून घ्या, पण ती मराठीत घ्या आणि मुलांसोबत एकदा मोठ्याने वाचा. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. बहुतेक मंडळं हे विसरतात आणि दहा वर्षांनी कागदावरचे निम्मे विश्वस्त हयात नसतात.

उत्सवाची किंवा एखाद्या कारणाची वर्गणी दारोदार गोळा करणार असाल, तर याच अधिनियमाच्या कलम 41 क खाली आधी परवानगी घ्या. पावतीपुस्तक क्रमांकासह, मागची प्रत जपून. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, ही अट सगळ्यांना ठाऊक असते आणि डीजेवाल्याला कधीच नसते.

पुढे मोठ्या देणग्या येऊ लागल्या तर आयकर खात्याकडे 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. 80जी ची सवलत देणगीदाराला 2,000 रुपयांपर्यंतच्या रोख देणगीवरच मिळते, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. परदेशातून पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीच्या, मागे मात्र लगेच लागू नका. अहवालाच्या तक्त्यात बसवायला म्हणून मुलं मोजली जाऊ लागतात आणि महिन्याअखेरीस "लाभार्थी संख्या" भरताना तुम्हालाच कसंतरी होतं.

रक्तदान शिबिर घेणार असाल तर ते एखाद्या रक्तपेढीसोबतच घ्या. दाता अठरा वर्षांचा आणि किमान 45 किलोचा हवा. सतरा वर्षांचे उत्साही पोट्टे रांगेत उभे राहतील. त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवा.

सातवी पायरी: बॅनर

नागपुरात हे टाळता येत नाही. चांगलं चाललेलं मंडळ दिसलं की कोणी तरी टी-शर्ट देऊ करतो, पाठीवर त्याचं नाव. कोणी व्यायामशाळेचं साहित्य देतो, फक्त उद्घाटनाला यायचं. आमच्याकडे एकदा अशी ऑफर आली, तेव्हा मी नाही म्हणायच्या आधी विषय बैठकीत ठेवला. अर्धे म्हणाले, घ्या, फुकट आहे. एका मुलीने विचारलं की पुढच्या वर्षी दुसऱ्याने दिलं तर ते घेणार का, आणि तेव्हा पहिला काय म्हणेल. बरीच चर्चा झाली. शेवटी घेतलं नाही, पण निर्णय मुलांचा होता. त्यामुळे बाहेर कोणी विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे होतं, ते माझ्याकडे बघत नव्हते.

तुमच्या मंडळात कोणी एखाद्या पक्षाचं काम करत असेल तर त्याला काढू नका. मंडळाच्या खोलीत प्रचाराचं साहित्य ठेवायचं नाही आणि मंडळाच्या गटावर पक्षाचे मेसेज टाकायचे नाहीत, एवढे दोन नियम पुरतात.

शेवटची पायरी: पोरं निघून जातात

तुम्ही घडवलेला सगळ्यात चांगला मुलगा दोन वर्षांत पुण्याला जाईल. मुलीचं लग्न ठरेल. कोणाला गडचिरोलीत पोस्टिंग मिळेल. दर वर्षी अर्धं मंडळ बदलतं. म्हणून जो एक जबाबदारी सोडतो, त्याने जाण्याआधी महिनाभर दुसऱ्याला सोबत घ्यायचं, हा नियम पहिल्या वर्षापासून ठेवा. "ट्रेनिंग" वगैरे म्हणू नका, नुसतं सोबत बसा म्हणायचं.

काय साधलं हे मोजायचं असेल तर हजेरी आणि कार्यक्रमांची संख्या सोडा. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा: या काळात त्याने आयुष्यात पहिल्यांदा काय केलं. बँकेत स्वतः स्लिप भरली. माइकवर बोलली. बापाशी न ओरडता वाद घातला. आईला दवाखान्यात एकटा घेऊन गेला. भरतीत नापास झाला आणि पुन्हा पळायला आला. ज्याच्या नावापुढे दोन वेळा काहीच लिहिता आलं नाही, त्याच्याकडे लक्ष द्या. त्याला नवीन वस्तू, नवीन वही किंवा किल्ली द्या.

आमच्या खोलीचं कुलूप आता तिसरं आहे. एकदा किल्ली नाल्यात पडली, एकदा ती खिशातच ठेवून मुलगा मामाकडे काटोलला गेला आणि चार दिवस अभ्यासिका बंद राहिली. त्यामुळे एक जादा किल्ली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवा, दुकानदाराला दोन मुलांची नावं सांगून. माझं नाव त्या यादीत नाही. मागच्या मंगळवारी मी मागायला गेलो तर त्याने दिली नाही.